ती गोळी माझ्या खिशातली होती

माझ्या नातीला, मैत्रीला, जे झालं त्याला आम्ही नातेवाइकांत अजूनही 'मैत्रीचा आजार' म्हणतो. तो आजार नव्हता. तिच्या पोटात नशेची वस्तू गेली होती, आणि ती वस्तू घरात मी आणली होती. एवढं साधं वाक्य डॉक्टरांना सांगायला मी साडेचार तास लावले. ते साडेचार तास कसे गेले, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. लिहिण्याची मला सवय नाही. सूनबाईनं हे वाचलं आहे. तिनं यातलं काहीही खोडलं नाही.

मी आणि माझी गोळी

मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात वॉल्व्हमन होतो. तीस वर्षं पहाटे साडेतीनला उठून सायकलवर जायचं, वस्त्यांचे वॉल्व्ह खोलायचे आणि घरी येऊन दुपारी झोपायचं. निवृत्त झालो आणि पहाटेची झोप परत आलीच नाही, दुपारचीही गेली. गुडघे दुखायचे. एकदा पानठेल्यावर एका जुन्या सोबत्यानं कागदात गुंडाळलेली काळी गोळी हातावर ठेवली. "मुनक्का आहे गा. पाचक. खाऊन पाह्य." गोड-आंबट होती, चिंचेच्या गोळीसारखी. अर्ध्या-पाऊण तासानं गुडघे माझे राहिले नाहीत, दुपार हलकी झाली.

त्यात भांग असते हे मला माहीत होतं. कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. पण ठेलेवाला 'पाचक' म्हणायचा आणि मीही स्वतःला तेच सांगायचो. कारण मी दारू सोडलेला माणूस. दर रविवारी आमच्या विहारात पंचशील मी म्हणायचो आणि लोक माझ्यामागून म्हणायचे. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना माझा आवाज कधी अडखळला नाही.

सुरुवातीला आठवड्यातून एक घ्यायचो. नंतर रोज एक. कधी दोन.

ती सकाळ

घरात आम्ही पाच जण. मी, माझी बायको कुसुम, मुलगा प्रफुल, सून स्नेहल आणि एकोणीस महिन्यांची मैत्री. प्रफुल सीताबर्डीला एका बँकेत आहे, स्नेहल शाळेत शिकवते. दिवसा मैत्रीला आम्ही म्हातारा-म्हातारी सांभाळायचो. त्या आठवड्यात कुसुम भिवापूरला बहिणीकडे गेली होती, वर्षाची मिरची आणायला. "एकल्यानं जमन ना तुमाले?" तिनं जाताना दोनदा विचारलं. मी म्हटलं, "न जमायले काय झालं?"

धुणं-भांडी करणारी रेखा साडेनऊला आली, दहाला गेली. जाताना तिनं मैत्रीच्या हातात एक बिस्किट दिलं. त्यानंतर मी एक गोळी खाल्ली, सदरा काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि पलंगावर टेकलो. मैत्री खाली वाट्या घेऊन खेळत होती. माझा डोळा लागला. पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही.

जागा झालो तो शांततेनं. लहान मूल असलेल्या घरात एवढी शांतता नसते.

सदरा खाली पडलेला होता. मैत्री खुर्चीखाली बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठांना काळं लागलं होतं. खिशात दोन गोळ्या होत्या. आता एकही नव्हती. चुरगळलेले दोन कागद फरशीवर, एकावर तिच्या दातांच्या खुणा.

मी बोट घालून तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. कागद उचलले आणि पायजम्याच्या खिशात टाकले. घड्याळात अकराला पाच मिनिटं कमी होती. मला वाटलं, झोपेल जरा. उतरेल. मला तर रोज उतरते.

साडेअकराला ती उठून माझ्याकडे यायला लागली आणि मधेच कलंडली. पुन्हा उठली, पुन्हा कलंडली. स्वतःशीच हसली. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. मग मी तिचे डोळे पाहिले. लाल झालेले, बाहुल्या मोठ्या, आणि माझ्या चेहऱ्याच्या मागे कुठेतरी बघणारे. माझं हसू तिथंच गेलं.

बाराला ती झोपली. सव्वाबाराला मी हाक मारली. गालावर थापटलं. तळव्याला चिमटा काढला. पायसुद्धा ओढून घेतला नाही तिनं. उचलून घेतली तर मान अशी लोंबली की मी दुसरा हात घालून ती सावरली, तान्ह्या बाळाची सावरतात तशी.

तेव्हा प्रफुलला फोन केला. म्हणालो, "पोरगी उठून नाही राहिली रे."

"काय झालं? पडली का?"

"मले नाही माहीत."

पहिलं खोटं हे.

कॅज्युअल्टी

शेजारच्या ऑटोवाल्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं. मोठा दवाखाना, मुलांसाठी वेगळा अतिदक्षता विभाग. मैत्रीला माझ्या हातातून घेतलं गेलं आणि पडदा ओढला गेला. पडद्याखालून मला फक्त चपला दिसत होत्या, इकडून तिकडे जाणाऱ्या.

प्रफुल आला, पाठोपाठ स्नेहल. तिच्या बोटांना खडू तसाच होता. तिशीतल्या एक डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. त्यांनी भराभर विचारलं. ताप होता का? झटका आला का? डोक्यावर पडली का? घरात फिनाइल, रॉकेल, उंदराचं औषध? मी प्रत्येकाला नाही म्हणालो, आणि ती सगळी उत्तरं खरी होती. मला त्यातही आधार वाटला.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरात कोणी काही घेतं का? झोपेच्या गोळ्या, गांजा, भांग? मी पोलीस नाही. मला फक्त तिच्यावर उपचार करायचे आहेत."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण प्रफुल आधी बोलला.

"नाही मॅडम. आमच्या घरी कोणी सुपारीले हात नाही लावत. बाबा तर विहारात पंचशील देतात."

त्यानं हे अभिमानानं म्हटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं. मी तोंड मिटलं.

नंतर माझ्या डोळ्यांसमोर जे जे झालं ते त्या मिटलेल्या तोंडामुळे झालं. शीर सापडेना म्हणून तिला दोन्ही हातांना आणि मग पायाला टोचलं. डोक्याचा स्कॅन काढायला नेलं, त्या थंडगार खोलीत ती एकटी. स्कॅन साफ आला. मॅडम म्हणाल्या, मेंदूज्वर असू शकतो, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल. स्नेहल भिंतीला टेकून खाली बसली. प्रफुलनं कागदावर सही केली, ती सही त्याची वाटत नव्हती.

माझा हात पायजम्याच्या खिशात होता. कागद घामानं ओले झाले होते.

रेखा

दरम्यान स्नेहलनं बिस्किटाचा विषय काढला. मीच तसं बोलून गेलो होतो, "रेखानं बिस्कुट देल्लं होतं सकाळी." का बोललो? कोणीतरी विचारलं होतं, शेवटचं काय खाल्लं म्हणून. पण ते म्हणताना त्याचं पुढं काय होईल हे मला कळत होतं. हे लिहिताना लपवत नाही.

प्रफुलनं रेखाला फोन लावला. माझा मुलगा कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशी सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. "काय खाऊ घातलं तू माह्या पोरीले? सांग! नाहीतर पोलिसात देतो!"

अर्ध्या तासात रेखा आली. कामावरच्याच साडीत, पदर ओला. कोणत्या तरी घरची भांडी टाकून निघाली होती. प्रफुलसमोर हात जोडून ती सांगत होती की डब्यातलंच बिस्किट होतं, त्यातलंच एक तिनं स्वतः खाल्लं. तो ऐकत नव्हता. मग ती माझ्याकडे वळली.

"बाबाजी, तुमी होते ना घरी. तुमीच सांगा. म्या काहून कराव असं? माह्या पोरीसारखी हाय ते."

ती माझ्या पायाशी वाकली. मी तिला उठवलं. तिचे हात गार पडले होते. समोरच्या दारातून एक नर्स झाकलेला ट्रे घेऊन आत जात होती, मणक्याच्या तपासणीचा.

"रेखा, तू काही नाही केलं," मी म्हणालो. "मी केलं."

प्रफुलला वाटलं मी तिचं सांत्वन करतो आहे. "बाबा, तुमी बसा," तो म्हणाला. मी बसलो नाही. अतिदक्षता विभागाचं दार ढकललं. आत चपला घालून यायची परवानगी नाही असं कुणीतरी ओरडलं. मी ओले कागद मॅडमच्या समोर धरले.

"भांगेच्या गोळ्या आहेत. माह्या आहेत. दोन खाल्ल्या तिनं. अकराच्या आधी."

मागे दारात प्रफुल उभा होता. त्यानं ऐकलं.

मॅडमनी काय केलं

त्या चिडल्या नाहीत. मला त्यांच्या चिडण्याची गरज होती, पण त्यांच्याकडे वेळ नव्हता. कागद सरळ करून वाचला. "दोनच? नक्की? आधी किती होत्या? अजून काही खिशात होतं? बीपीची, साखरेची गोळी?" मी एकेकाचं उत्तर दिलं. त्यांनी नर्सला ट्रे परत न्यायला सांगितलं. लघवीची तपासणी लावली. थोड्या वेळात तिच्यातही भांगच निघाली.

"हिला ओकारी काढवा ना, पोट धुवा ना," मी म्हणालो.

"आता त्याचा उपयोग नाही. या शुद्धीत ओकारी काढली तर ती फुप्फुसात जाईल. याच्यावर उताऱ्याचं औषधही नाही. शरीर हळूहळू बाहेर टाकेल. तोवर तिचा श्वास आम्ही सांभाळायचा. लवकर कळलं असतं तर एवढं टोचावं लागलं नसतं."

एवढंच त्या बोलल्या. पुढं कधीही त्यावर नाही.

विषबाधा म्हणजे पोलिसांत नोंद. एक हवालदार वही घेऊन आला, निवृत्तीला टेकलेला. नाव, पत्ता, हुद्दा लिहिला. मग पेन थांबवून म्हणाला, "काका, नशा करता?"

"हो," मी म्हणालो.

त्याआधी मी 'नशा' हा शब्द स्वतःबद्दल कधीच मान्य केला नव्हता.

दिवे लागताना

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की ती बरी व्हायला लागेल. लहान मुलांच्या गोष्टीत होतं तसं. झालं उलट. दिवे लागायच्या वेळेला तिचा श्वास मंदावायला लागला. काचेतून मला तिची छाती दिसत होती. वर यायची, खाली जायची आणि मग थांबायची. मी मोजायचो. एक, दोन, तीन, चार... पुन्हा वर यायची. एकदा मी नऊपर्यंत मोजलं. यंत्र ओरडलं, तिघं-चौघं धावले, पडदा ओढला गेला.

पडदा उघडला तेव्हा तिच्या तोंडात नळी होती आणि यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं. गालाला चिकटपट्टी लावली होती. हात बांधले होते, नळी ओढू नये म्हणून. पण ओढायला ते हात हलतच नव्हते.

स्नेहल माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसली होती. ती माझ्याकडे न बघता बोलली. "बाबा, अकरा वाजताच सांगितलं असतं तर?"

मी काचेकडे वळलो. यंत्राचे श्वास मोजायला लागलो.

कुसुम भिवापूरहून बसनं आली. प्रफुलनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. मला वाटलं ती माझं तोंड बघणार नाही. ती सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. हातातली पिशवी खाली ठेवली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी काहीतरी खाऊन राहिले म्हणून. सदरा धुताना कागद सापडत जाय. दुपारचे तुमचे डोये दिसत नव्हते का मले? मनलं, दारू तं नाही ना. शांत राहते माणूस. राहू दे." तिनं पिशवी पायानं मागं सरकवली. "मी पोरीले तुमच्या जवळ ठेवून गेली."

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला रडताना तीनदा पाहिलं आहे. त्यातलं हे एक.

जाग

रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. यंत्र चालू होतं, आम्ही होतो.

पहाटे नर्स बाहेर आली आणि म्हणाली, बोटं हलवतेय. आईनं आत यावं. दिवस वर आला तशी मैत्री नळीशी झगडायला लागली. मला ते बघवेना, पण मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू दिसलं. "भांडू द्या. आम्हाला हेच हवंय." दहाच्या सुमाराला नळी काढली. मैत्रीनं रडायचा प्रयत्न केला तर आवाजच फुटेना, नुसता घोगरा वारा. मग पाणी मागितलं. तिच्या भाषेत पाण्याला 'मम' म्हणतात. स्नेहलनं चमच्यानं दिलं.

एक सफाई करणाऱ्या मावशी रात्रभर तिथं होत्या. त्यांना सगळं प्रकरण माहीत असणारच, दवाखान्यात भिंतींना कान असतात. जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या, पिशवीतून कागदी ग्लासात चहा ओतून दिला आणि गेल्या. त्या दोन दिवसांत माझ्या हातात कुणीतरी ठेवलेली ती एकच गोष्ट.

तिसऱ्या दिवशी आम्हाला सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, कायमचं काही राहायला नको, तरी चालणं-बोलणं यावर लक्ष ठेवा, तपासणीला या.

त्यानंतर

स्नेहल मैत्रीला घेऊन कामठीला माहेरी गेली. भांडली नाही. प्रफुल रोज बँकेतून परस्पर तिकडं जायचा आणि उशिरा घरी येऊन झोपायचा. महिनाभर आमच्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता.

भांडी आता कुसुम घासते. मी आणि प्रफुल रेखाच्या घरी गेलो होतो. प्रफुलनं तिची माफी मागितली, मग मी मागितली. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. "माफ केलं बाबाजी. पण आता तुमच्या घरी नाही येत मी. उद्या पोरगी शिंकली तरी माह्याच कडं पाहान तुमी." प्रफुल म्हणाला, असं होणार नाही. ती म्हणाली, "झालं ना एकदा." ती परत आली नाही. आली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तिचं बरोबर आहे.

विहारात मी एका रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. काहींनी मान खाली घातली. एक जण उठून गेला. पण सुटल्यावर दोन बाया वेगवेगळ्या येऊन हळूच बोलल्या. एकीचा नवरा खर्ऱ्याची, तंबाखू-सुपारीची, पुडी उशीखाली ठेवतो आणि नातू त्याच उशीवर खेळतो. दुसरीचा मुलगा बाहेरगावाहून काहीतरी 'चॉकलेट' आणतो आणि ते फ्रीजच्या दारात असतं. त्यांना माझ्याकडून उपदेश नको होता, फक्त विचारायचं होतं, "एवढ्याशानं होते का हो असं?" होतं. मोठ्या माणसाला जी वस्तू थोडी गंमत करते, तीच दहा किलोच्या जिवाचा श्वास थांबवते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात काही असेल तर ते घराबाहेर काढा. 'उंच ठेवलं आहे' यावर भरवसा ठेवू नका, मूल खुर्ची ओढतं. आणि कधी वेळ आलीच तर थांबून बघू नका, घरी ओकारी काढू नका, मूल आणि कागद दोन्ही घेऊन निघा, आणि दवाखान्याच्या दारातच वस्तूचं नाव सांगा. लाज नंतर आयुष्यभर पुरते. तिला तिथं पुढं करू नका.

मी गोळी सोडली. त्यात सांगण्यासारखा पराक्रम नाही. झोप येत नाही तेव्हा येत नाही.

महिन्यानं स्नेहल परत आली. मैत्री आता अडीच वर्षांची आहे, पळते, भांडते, मला 'आबा' म्हणते. तिला काही आठवत नाही. मला तिच्याजवळ एकटं ठेवत नाहीत. कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण कुसुम बाजारात निघाली की स्नेहल शाळेतून येईपर्यंत शेजारची कुणीतरी बसायला येते. मी त्या बाईंना चहा करून देतो.

दुपारी मैत्री झोपते. ती तासाभरापेक्षा जास्त झोपली की घरातलं कुणीतरी उठतं. कधी प्रफुल, सुट्टीचा दिवस असला तर. कधी स्नेहल, कधी कुसुम. आत जातात, वाकून बघतात, आणि मग तिचा पाय हलवतात. ती दचकून उठते, भोकाड पसरते. कुठल्याही घरात झोपलेलं पोर उठवलं म्हणून कुणीतरी रागावलं असतं. आमच्याकडे ती रडायला लागली की सगळे श्वास सोडतात. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकतो. आत जात नाही. रडणं पूर्ण थांबेपर्यंत ऐकत राहतो.